मेलेल्याला लाली

मेलेला माणूस पांढरा नसतो. हे मी आयुष्यभर सांगत आले आणि अजून कोणी मनावर घेत नाही. शाळेच्या गॅदरिंगपासून मोठ्या बॅनरच्या सिनेमापर्यंत, प्रेत म्हटलं की पोरं पावडरचा डबा उघडून बसतात. अरे, पांढरी असते ती भिंत. माणूस आधी पिवळा पडतो, मेणासारखा, आणि मग त्यात राखाडी उतरते. नखं आणि कानाच्या पाळ्या सगळ्यांच्या आधी बदलतात. ओठांचा नुसता रंग जात नाही, ओठांची कड जाते. ओठ कुठे संपले आणि गाल कुठे सुरू झाला ते कळेनासं होतं. एवढं सगळं करायचं आणि केलंय असं दिसू द्यायचं नाही, याला रंगभूषा म्हणतात.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला 'गमतीदार अनुभव' लिहायला सांगितलेत. तेही आहेत. नाट्यस्पर्धेत एका महाराजांची दाढी भर दरबारात प्रधानाच्या शालीला चिकटून निघून गेली होती. माझा एक खून झालेला सावकार जेवणाच्या सुट्टीत त्र्यंबक रोडच्या टपरीवर चहा प्यायला गेला, तर टपरीवाल्याने हात जोडून सांगितलं, "काका, पैसे राहू द्या, तुम्ही फक्त इथून जा." असे पुष्कळ आहेत. पण सणासुदीला सांगू नये अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे आणि मला तीच लिहायची आहे. छापायची की नाही ते संपादकबाई बघतील.

तो सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, नाव सांगत नाही. म्हातारा बाप मरतो. त्याच सकाळी धाकट्या मुलीचा साखरपुडा असतो, पाहुणे दारात आलेले असतात. म्हणून पोरं बापाला झोपाळ्यावर बसवतात, डोळ्यांवर काळा चष्मा चढवतात आणि 'बाबांना बोलवत नाहीये' म्हणून वेळ मारून नेतात. पाहुणे येऊन प्रेताच्या पाया पडतात, प्रेताला पेढा भरवतात. लोक हसून हसून बेजार होतात. आणि मग कळतं, की बाप आपोआप गेलेला नाही, घरातल्याच कोणीतरी त्याला संपवलाय.

परीक्षणं सगळी एकाच सुरात आली. अभिनय अफाट, त्यातही बापाचा. पण मध्यंतरानंतर गोष्टीचा पार बोजवारा उडालाय. प्रेत मध्येच चोरीला काय जातं, कांद्याच्या ट्रकमध्ये पोत्यांखाली लासलगावला काय पोचतं, आणि खुनी कोण ते एक पात्र घाईघाईने येऊन सांगून काय टाकतं. एका शहाण्याने लिहिलं होतं, हा कांद्याचा ट्रक आला कुठून, हे दिग्दर्शकालाच ठाऊक. मलाही ठाऊक आहे. म्हणून तर लिहायला बसले.

बापाचं काम दगडूअण्णा देवरे करत होते. मूळचे सटाण्याकडचे, सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलं. पण कधी नोकर, कधी पोस्टमन, फार तर शेवटी येऊन मान हलवणारा डॉक्टर. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने यांचं नाव दगडू ठेवलं. यम आला तर त्याला वाटावं, हा दगडच आहे, याला काय न्यायचं. हे ते सगळ्यांना हसत सांगायचे. उंच, काळेसावळे, गालाची हाडं वर आलेली. असा चेहरा हाती लागला की मेकअपवाल्याचा हात आपोआप चालतो.

आता बाहेरच्यांसाठी एक सांगते. सिनेमा सरळ काढत नाहीत. शेवट आधी, सुरुवात नंतर, ज्या नटाच्या तारखा मिळतील तसं. आमचं शूटिंग गिरणाऱ्याच्या वाटेवर द्राक्षबागेतल्या एका बंगल्यात होतं. मोठ्या नटांच्या तारखा आधी होत्या आणि त्यांचे सीन होते प्रेत शिळं झाल्यानंतरचे. त्यामुळे तिसऱ्या दिवसाचं प्रेत आधी, मग दुसऱ्या दिवसाचं, मग ताजं. आणि सगळ्यात शेवटी, सिनेमाचा पहिला सीन, ज्यात बाप जिवंत आहे.

अण्णांचा जीव त्या जिवंत सीनमध्ये अडकलेला होता. तीन पानांचे संवाद, तेही सलग. अंगणात पंगत बसलीय आणि बाप आपल्या लग्नात सासूने केलेले मांडे कसे खाल्ले त्याची गोष्ट सगळ्यांना सांगतो. उभ्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला असं काही आलं नव्हतं. मी चेहऱ्याला मेण लावत असायची आणि त्यांचं आपलं चालू असायचं, "तं सासूबाई म्हणते कशी, जावईबापू, अजून एक घ्या."

"अण्णा, ओठ हलवू नका. कड जातेय."

"बरं बाई." आणि जरा वेळाने पुन्हा पुटपुटणं सुरू. मांड्यांची गोष्ट सांगणारं प्रेत मी रोज सकाळी तयार करत होते.

दिग्दर्शक तन्मय, तिशीतला मुलगा, पहिलाच सिनेमा. कथा त्याने स्वतःच लिहिलेली आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. खुनाचे धागेदोरे भिंतीवर दोऱ्याने जोडून ठेवले होते. अण्णा रोज त्याला विचारायचे, "साहेब, माझा जिवंत सीन कधी?" तो म्हणायचा, "शेवटी, अण्णा. आधी नीट मरून घ्या." सगळे हसायचे, अण्णाही.

आणि मरायचे असे, की मी इतक्या वर्षांत तसं पाहिलं नाही. प्रेताचं काम करणारा नट श्वास धरतो, मग छाती कुठेतरी दगा देते, पापणी थरथरते. अण्णा श्वास धरायचे नाहीत. तो कुठेतरी आत नेऊन ठेवायचे. कट म्हटल्यावरही काही क्षण तसेच असायचे. सुनेचं काम करणारी मुलगी, तिला त्यांच्या तोंडात पेढा कोंबायचा होता, सीन झाल्यावर माझ्याजवळ येऊन हात धुवत उभी राहिली. "ताई, ते मुद्दाम हात गार करून बसतात का हो?" मी म्हटलं, बर्फाला हात लावत असतील. खरं तर मला माहीत नव्हतं.

पंचवटीतले एक गुरुजी कामाला बोलावले होते. चांगले दणदणीत, रोज रामकुंडावर लोकांचे विधी करणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी तन्मयला सांगितलं, "जिवंत माणसावर मी अंत्यविधीचे मंत्र म्हणणार नाही. मी ओठ हलवीन, आवाज तुम्ही मागाहून घाला." तन्मयने मान्य केलं. मी जवळ उभी असल्यामुळे ऐकलं, गुरुजी ओठांतल्या ओठांत रामरक्षा म्हणत होते. सिनेमात तुम्हाला ओठ हलताना दिसतात, ती रामरक्षा आहे. पुढे एका सकाळी सीन झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, माझं रोजचं बसणं घाटावर आहे. इतकी शांतता जिवंत माणसाला येत नाही. यांना जरा घरी पाठवा." मी हसण्यावारी नेलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद केलं. दक्षिणाही घ्यायला आले नाहीत.

आमच्यात एक रीत आहे. आमच्यात म्हणजे माझे गुरू बापू यांच्या हाताखाली शिकलेल्यांत. मेलेल्याचा मेकअप नटाने स्वतः पुसायचा नाही. आपण पुसायचा, डोळ्यांपासून सुरुवात करून. आणि पुसून झाल्यावर नटाने आरशात बघून स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं, मग जागेवरून उठायचं. का, ते बापूंनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची हिंमत कोणाला नव्हती. अण्णांना ही रीत फार आवडली होती. रोज आरशात बघून, मान ताठ करून सांगायचे, "दगडू शंकर देवरे, जित्ता शे." हे शेवटचं त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलेलं. जिवंत आहे, असं त्यांच्याकडच्या बोलीत.

तिसऱ्या दिवसाच्या प्रेताचे सीन झाले, दुसऱ्या दिवसाचेही झाले, ताज्याचे सुरू झाले. आता कमी मेलेलं दाखवायचं होतं, म्हणजे माझं काम हलकं व्हायला हवं. मी बेस पातळ केला, राखाडी काढून टाकली. कॅमेऱ्यात बघितलं तर चेहरा तिसऱ्या दिवसाचाच. मला वाटलं माझा हात बिघडला, किंवा उजेड वेगळा आहे. पुसून पुन्हा केला. राखाडीचा पत्ता नाही आणि तरी राखाडी दिसतेय. शेवटी मी लालीचा डबा काढला. प्रेताच्या गालाला लाली लावली, ओठांना थोडा रंग दिला, तेव्हा कुठे ते जरा ताजं वाटायला लागलं. मेलेल्याला कमी मेलेला दाखवण्यासाठी मी लाली लावत होते, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त लागत होती.

अण्णांना विचारलं. "जेवण जात नाही का हो नीट?" ते म्हणाले, "प्रेताला कशाला जेवण?" मग म्हणाले, "डोळे मिटून मनातल्या मनात मांड्यांची गोष्ट घोकू का? विसरेन म्हणून म्हणतो."

पुढच्या सकाळी सेटवर विमलवहिनी आल्या. अण्णांच्या बायको. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, नीटनेटकी बाई, हातात डबा. सरळ मेकअप रूममध्ये आल्या, अण्णांकडे न बघता माझ्यावर बरसल्या.

"बाई, तुमचं काम तुम्ही करा, मी काही म्हणत नाही. पण निदान घरी पाठवताना त्यांचं तोंड पुसून पाठवत जा. काल दार उघडलं तं माझा जीव जायची वेळ आली. असं मेलेलं तोंड घेऊन बसमधून आले. शेजारीण पाहून आत पळाली."

मी म्हटलं, "वहिनी, मी रोज पुसते. काल मी माझ्या हाताने पुसलं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघींनी आरशात बघितलं. अण्णा खुर्चीत बसले होते, गळ्याला टॉवेल बांधलेला, आणि मी अजून ब्रशलाही हात लावला नव्हता.

"असं एकदम दोघींनी बघू नका," अण्णा म्हणाले. "भीती वाटते."

मग त्यांनी सांगितलं. पोटात गाठ होती. शूटिंगच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताबडतोब दाखल व्हा. अण्णांनी घरी कोणाला कळू दिलं नव्हतं. "यमाला म्हटलं, पोरांना तारखा दिल्यात, जरा थांब," ते म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत. डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उठा. चला दवाखान्यात."

"विमल, तो एक सीन होऊ दे."

"तुमच्या सीनला आग लागो."

"सगळा सिनेमाभर मेलोय गं मी. माझं काम एवढंच एक आहे."

वहिनी खाली बसल्या. जमिनीवरच, माझ्या डब्यांच्या मध्ये. मला त्या क्षणी रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

तन्मयला बोलावलं. त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर भयंकर चिडले, पण शेवटी म्हणाले, उद्या सकाळी आणा, त्याच्यापुढे मी ऐकणार नाही. म्हणजे अण्णांच्या हातात होता तो दिवस तेवढा. आणि प्रेताचा सगळ्यात मोठा सीन, सगळ्यांच्या तारखा जुळाव्यात म्हणून मागे ठेवलेला, नेमका त्याच दिवशी व्हायचा होता. सगळं घर एका खोलीत, मध्ये झोपाळ्यावर बाप, आणि बापाच्या मुठीत सापडलेल्या वस्तूवरून खुनी उघडा पडतो. तन्मयच्या भिंतीवरचे सगळे दोरे त्या एका खिळ्याला जाऊन मिळत होते. प्रेताच्या चेहऱ्याशिवाय तो सीन होणारच नव्हता.

निर्माते फोनवर ओरडत होते, ते आम्हालाही ऐकू येत होतं. बाप जिवंत दाखवला नाही म्हणून कोणाचं अडणार नाही. प्रेत नसेल तर सिनेमाच नाही. त्यांचं चूक नव्हतं. धंद्याच्या हिशेबाने मीही तेच म्हटलं असतं.

तन्मयने फोन ठेवला. वहिनी त्याच्याकडे न बघता बोलल्या, आवाज न चढवता. "इतके दिवस आमचा माणूस तुम्ही मेलेला बसवला. आता एक दिवस त्याला जिता दाखवा. नाहीतर मी त्याला आत्ता घेऊन जाते, आणि मग तुमचं प्रेतही नाही."

तो बाहेर गेला. बराच वेळ द्राक्षांच्या रांगेतून एकटाच फिरत होता, खिडकीतून दिसत होता. परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "अंगणात पंगत मांडा. जिवंत सीन लावतोय." भिंतीवरचे दोरे त्याने त्याच दिवशी उतरवले. कांद्याचा ट्रक आला तो तिथून. पुढे अण्णा नसतानाचं सगळं पोत्यात गुंडाळलेल्या पुतळ्यावर निभावलं, आणि पुतळ्याच्या मुठीतून खुनी काही निघेना.

मी त्या दिवशी जे काम केलं त्याचा मला अभिमान आहे, बाकी कशाचा असो नसो. गाल भरले, डोळ्यांखालची खळगी उचलली, हाताच्या नखांना एकेक करून रंग दिला. पण डोळ्यांना रंग लावता येत नाही, आणि अण्णांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी कॅमेरामनला म्हटलं, "बाबा, याच्यावर माझ्याकडे इलाज नाही. तू सगळ्यांनाच पिवळं कर." त्याने पिवळ्या दिव्यांनी अख्खं अंगण भरून टाकलं. पंगतीतली सगळी माणसं पिवळी, भात पिवळा, पातेली पिवळी. त्यात अण्णा मिसळून गेले. परीक्षणांत त्या उजेडाचं फार कौतुक झालं. आठवणीसारखा सोनेरी, वगैरे.

अण्णा पाटावर बसले. उठवून बसवायला दोन माणसं लागली होती. आणि अॅक्शन म्हटल्यावर त्या माणसाने जी गोष्ट सांगितली! सासूचा आग्रह, पोटाला बसणारा ताण, एकेक मांडा ताटात पडतोय आणि जावयाचा चेहरा बदलतोय. वाढणारी बाई वाढायचं विसरून ऐकत उभी राहिली. पंगत खरीखुरी हसत होती, ते संहितेत कुठे नव्हतं. शेवटी बाप बायकोकडे बघून म्हणतो, सुमन, तुझ्या आईने मला तेव्हाच मारला असता. अण्णा वळले आणि म्हणाले, "विमल, तुझ्या आईने मला तेव्हाच मारला असता." आणि हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

तन्मय कट म्हणेना. अण्णा हसत राहिले, मग हळूहळू थांबले. नाव चुकलंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. सहायक पुढे झाला, पुन्हा घ्यायचा का विचारायला. तन्मयने त्याचं मनगट धरून मागे ओढलं. बाप पहिल्या सीनमध्ये बायकोला विमल म्हणतो आणि पुढे सिनेमाभर तिचं नाव सुमन आहे, ही चूक समीक्षकांनी बरोबर पकडली. एवढीही काळजी घेता येत नाही का, असं विचारलं. तन्मयने कोणालाही उत्तर दिलं नाही. पोरगं गुणी आहे.

त्या दिवशी मी अण्णांचा मेकअप पुसला नाही. जिवंत माणसाचा होता, पुसायची गरज नव्हती. तसेच घरी गेले आणि सकाळी दवाखान्यात. तिथून परत आले नाहीत. लोक मला विचारतात, शेवटचा मेकअप तुम्हीच केला असेल ना. नाही. मी नुसती जाऊन बघून आले. बघितलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझं काम बरोबर होतं. कानाच्या पाळ्या, नखं, ओठांची कड, सगळं जिथल्या तिथे. त्या विचाराची मला इतकी भीती वाटली, की त्यानंतर मी प्रेताची कामं घेणं सोडून दिलं.

सिनेमा नाशकात लागला तेव्हा मी वहिनींना बरोबर घेऊन गेले. पहिला सीन सुरू झाला. अंगण, पंगत, पिवळा उजेड आणि अण्णा मांडे खातायत. वहिनी पदर तोंडाला लावून बघत होत्या. सीन संपला, पुढच्याच शॉटमध्ये झोपाळा दिसला आणि थिएटरभर हशा उसळला. वहिनी उठल्या. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये, म्हणून मीही उठले. बाहेर आल्यावर त्या स्वस्थ होत्या. चपला नीट करून म्हणाल्या, उद्या परत येईन.

आणि आल्या. सिनेमा लागलेला होता तोवर रोज सकाळच्या खेळाला यायच्या, पहिला सीन बघायच्या आणि हशा सुरू झाला की उठून घरी स्वयंपाकाला जायच्या. दारावरचा माणूस ओळखायला लागला होता. शेवटी एकदा मीच विचारलं, "वहिनी, पुढचा सिनेमा कधीतरी पूर्ण बघा ना. अण्णांचं काम खरं पुढे आहे, सगळे म्हणतात."

"पुढचं मी घरी बघितलंय, बाई," त्या म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.